टाचणी आधी काढा

कोसबाडच्या टेकडीवर पावसाळ्यात कपाट उघडलं की कुबट वास येतो. समुद्र जवळ, हवा ओलसर. जुन्या कागदांचा इथे निभाव लागणं कठीणच.

वेळीच संग्रहात गेलेले कागद मात्र टिकतात, त्याचं हे एक उदाहरण. औंधचे अप्पासाहेब पंत (१९१२–१९९२) आधी संस्थानच्या राजकारणात होते, पुढे नैरोबी, सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, लंडन इथे भारताचे प्रतिनिधी. त्यांचे खासगी कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात गेले, म्हणून पूर्व आफ्रिकेच्या इतिहासाचे अभ्यासक ते आज वाचू शकतात. माळ्यावरच्या ट्रंकेत राहिले असते तर ते कसरीनं नाहीतर वाळवीनं खाल्ले असते.

अशा कागदांत दोन जाती असतात. सरकारी फायली सरकारच्याच. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानं त्यांचं जतन ही सरकारची जबाबदारी. खासगी पत्रं, डायऱ्या, भाषणांचे मसुदे मात्र घरच्यांच्या हातात, आणि नुकसान बहुधा तिथेच होतं.

पहिलं काम गंजलेल्या टाचण्या, स्टेपल काढणं. चिकटपट्टी नको, तिचा गोंद पिवळा पडून कागद खातो. फाटलं तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. लॅमिनेशनचा मोह तर टाळाच, ते पुन्हा सोडवता येत नाही. कार्बन प्रतींचा पातळ कागद उन्हात वाळवू नये. पत्रांचा मूळ क्रमही मोडू नका. कोणत्या पत्राशेजारी काय ठेवलं होतं, हासुद्धा पुरावा असतो.

घरी असं गाठोडं असेल तर रद्दीवाल्याआधी अभिलेखागाराला दाखवा.