खडूचे कासव

संगणकाची भाषा इंग्रजी शिकलेल्यांसाठी, असे आमच्या अंबरनाथच्या चाळीत सर्वांना वाटते. घरातला पहिला कॉलेजकुमार म्हणवणाऱ्या मलाही वाटे. पण 1967 साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे तीत कासव आले : मुलाने आज्ञा द्यावी, कासवाने चालत रेघ ओढावी.

संगणक नसल्याने मी अंगणात खडू घेऊन धाकट्या भावालाच कासव केले. ‘चार पावले पुढे, उजवीकडे काटकोनात वळ’, हे चारदा केले की चौकोन! शेजारची पोर ‘वळ’ म्हणायला विसरली. कासव थेट पाण्याच्या पिंपावर आदळले. हसत हसत तिनेच चूक शोधली. मग त्रिकोण. कोन 60 अंशांचा म्हणून तिने 60च वळवले, तर कासव षट्कोनाच्या वाटेला लागले! वळण 120चे हवे. मी अजून सांगितलेले नाही.