व्हिएतनाममधले सैनिक हेरॉईनमधून सुटले, मग अमेरिकेची पुढची पिढी का अडकली?

वॉशिंग्टनमध्ये काळ्या ग्रॅनाईटची एक लांबलचक भिंत आहे. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या 58 हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्यातली बरीचशी पोरं नुकतीच विशीत आलेली होती.

आता दुसरा आकडा बघा. 2021 या एकाच वर्षात अमेरिकेत ड्रग्जच्या ओव्हरडोसने 1 लाखाहून जास्त माणसं गेली. 18 ते 44 वयोगटात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण आज हेच आहे.

या दोन्ही पिढ्यांना अफूच्या कुळातल्या नशेने गाठलं. शेवट मात्र वेगळा झाला. तो कसा?

सैनिक कसे सुटले?

व्हिएतनाममध्ये हेरॉईन स्वस्त होतं आणि इतकं शुद्ध, की सैनिक ते सिगारेटमध्ये भरून ओढायचे. 1971 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नशेला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. घरी परतण्याआधी सैनिकांची लघवी तपासली जाऊ लागली. जो सापडेल, त्याला आधी नशा उतरेपर्यंत थांबवून घेत.

परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. सुमारे 20 टक्के सैनिक तिकडे व्यसनी झाले होते. पण त्यांच्यापैकी जेमतेम 5 टक्केच घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा त्या व्यसनात अडकले.

कारण काय? भीती, कंटाळा, हाताशी असलेला माल आणि सोबत ओढणारे मित्र, हे सगळं तिकडेच राहिलं. घरी हेरॉईन महाग होतं, मिळवणं अवघड होतं, आणि आजूबाजूला आपली माणसं होती.

मग पुढची पिढी?

1996 मध्ये परड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिचं व्यसन लागण्याचा धोका कमी करून सांगितला गेला. 2007 मध्ये कंपनीने कोर्टात हा गुन्हा कबूलही केला. पण तोवर वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीसारख्या खाणकामगारांच्या भागात गोळ्या घराघरांत पोहोचल्या होत्या.

पुढे गोळ्यांवर निर्बंध आले, तेव्हा अडकलेली माणसं हेरॉईनकडे वळली. त्यानंतर बाजारात फेंटानिल आलं. ते हेरॉईनपेक्षा सुमारे 50 पट तीव्र असतं.

सैनिकाला नशा मागे सोडून विमानात बसता आलं. या पोरांची नशा मात्र घरातल्याच औषधांच्या कपाटात होती. ती सोडून जायचं कुठे?

यातून काय कळतं?

व्यसन म्हणजे निव्वळ मनाचा कमकुवतपणा असता, तर ते सैनिकही सुटले नसते. माणसाभोवतीची परिस्थिती बदलली, की सुटकेची शक्यता वाढते.

2023 मध्ये ओव्हरडोस उतरवणारा नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. 2024 मध्ये मृत्यू सुमारे 80 हजारांपर्यंत खाली आले. तरीही ते त्या भिंतीवरच्या नावांपेक्षा जास्तच आहेत.