गोळी ‘हलकी’ की दुखणं भारी?

परवा सात रस्त्यावर एका औषध दुकानासमोर ओळखीच्या मावशी भेटल्या. विड्या वळून वळून मान-पाठ धरलेली. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, गोळ्यांत पहिल्यासारखा दम राहिला नाही बघा. एकीनं काहीच होत नाही.” पिशवीतल्या पट्ट्या पाहिल्या. पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅमच्या दिवसाला चार गोळ्या, अंगदुखीच्या 325 वाल्या मिश्र गोळ्या तीन आणि सर्दीच्या 500 वाल्या दोन. तिन्हींत पॅरासिटामॉल! बेरीज 4575 मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा आहे 4000.

पण मावशींची शंका चुकीची नव्हती. गोळीत औषध नेमकं किती, हे कळतं कसं? भारतीय औषधसंहितेनुसार पॅरासिटामॉलच्या गोळीत छापील मात्रेच्या 95 ते 105 टक्के औषध हवं. म्हणजे 500 च्या गोळीत 475 ते 525 मिलिग्रॅम. औषध निरीक्षक दुकानांतून नमुने घेतात आणि सरकारी प्रयोगशाळेत ते तपासले जातात. तिथली यंत्रं अचूक असतात, पण महाग आणि वेळखाऊ.

यावर संशोधक एक सोपा मार्ग शोधत आहेत, तो म्हणजे विद्युत-रासायनिक सेन्सर. घरातलं साखर मोजायचं यंत्र याच जातीचं. गोळी कुटून ठरावीक द्रावणात विरघळवायची, त्याचा थेंब कार्बनच्या पट्टीवर ठेवायचा आणि विजेचा दाब हळूहळू वाढवायचा. ठरावीक दाबाला पॅरासिटामॉलचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. औषध जितकं जास्त, तितका प्रवाह जास्त. तो मोजला की मात्रा कळते. (घरच्या साखरेच्या यंत्रात मात्र हा प्रयोग करू नका, ते यासाठी बनलेलं नाही.)

या तंत्रालाही मर्यादा आहेत. क जीवनसत्त्वासारखे पदार्थ मिसळलेले असतील तर आकडा चुकू शकतो. शिवाय औषध किती हे कळलं, तरी सोबत काही घातक मिसळलंय का, हे कळत नाही. म्हणून ही पहिली चाळणी. अंतिम निकाल प्रयोगशाळेचाच.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. पट्टीवर इलेक्ट्रॉन गमावून पॅरासिटामॉलपासून जो पदार्थ बनतो, तोच आपल्या यकृतातही थोड्या प्रमाणात बनतो. तो विषारी असतो. यकृत त्याला निकामी करतं, पण मात्रा वाढली की यकृताचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी रुग्णाला फारसं काही जाणवतही नाही. उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो.

मावशींना म्हटलं, “गोळी हलकी नाही, दुखण्याचं कारण तपासायचं राहिलंय. उद्या ओपीडीत या, रक्तही तपासू.” आल्या. यकृत सुदैवाने ठीक निघालं.

आपणही आज घरातल्या पट्ट्या उलटून पाहा. नावं वेगळी असली, तरी आतलं औषध एकच असू शकतं. गोळीचा गुण येत नसेल तर दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. पट्टीवरचा बॅच क्रमांक दिसेल अशी जपून ठेवा. औषधाबद्दल शंका असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच लागतो.