उसने बळ

मार्च १९९६ च्या आरंभी अमेरिकेतील कोलंबस या शहरी ‘अर्नोल्ड क्लासिक’ ही शरीरसौष्ठव स्पर्धा झाली. ऑस्ट्रियाचा अँड्रियास म्युन्झर तीत सहावा आला. त्वचेखाली चरबीचा मागमूस नाही आणि स्नायूचा धागा न् धागा मोजता यावा, अशा देहासाठी तो जगभर ओळखला जाई. त्याच महिन्याच्या १४ तारखेस म्युनिक येथे तो मरण पावला. वय अवघे ३१. पोटात असह्य वेदना झाल्याने त्याला रुग्णालयात नेले होते. पाठोपाठ यकृत व मूत्रपिंडे निकामी झाली. स्टेरॉइडांच्या जोडीला शरीरातील पाणी काढून टाकणारी औषधेही तो घेत असे, त्यामुळे सारा दोष एकाच औषधाच्या माथी मारता येणार नाही. परंतु रंगमंचावर निरोगीपणाची मूर्ती वाटणारा हा देह आतून पोखरला गेला होता, हे शवविच्छेदनाने दाखवून दिले. यकृतात गाठी होत्या.

पुरुषत्वाची लक्षणे घडविणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. या क्षेत्रातील कार्याबद्दल ब्यूटेनांट व रुझिचका यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले. १९५८ मध्ये सिबा या कंपनीची ‘डायनाबॉल’ गोळी बाजारात आली आणि अमेरिकी भारोत्तोलकांच्या संघाशी संबंधित डॉ. जॉन झीग्लर यांच्यामार्फत ती व्यायामशाळांत शिरली. (दम्याच्या पंपातील स्टेरॉइड निराळे, त्याचा या प्रकाराशी संबंध नाही. त्या भीतीने कोणी मुलाचा पंप बंद करू नये.)

ही औषधे निव्वळ फसवी असती, तर प्रश्न सोपा होता. ती गुण देतात, हीच अडचण आहे. डॉ. शालेंदर भसीन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचण्यात आले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे २ किलोंनी वाढले, तर व्यायामाविना औषध घेणाऱ्यांचे ३ किलोंहून अधिक. दोन्ही करणाऱ्यांना ६ किलोंचा लाभ झाला. मात्र हा प्रयोग अल्प मुदतीचा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचा होता. व्यायामशाळेतील ‘सायकल’ वर्षानुवर्षे चालते. एकावर एक तीन-चार औषधे घेतली जातात आणि बाटलीत नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

वर्षांचा हिशेब हृदयाकडे निघतो. बॅगिश व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १४० भारोत्तोलकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८६ जणांनी दीर्घकाळ स्टेरॉइडे घेतली होती. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, हे मोजले असता न घेणाऱ्यांत सरासरी ६३ आणि घेणाऱ्यांत ५२ टक्के असे आकडे आले. आयुष्यभरातील मात्रा जितकी जास्त, तितका हृदयाच्या धमन्यांत साचलेला थरही अधिक होता. याखेरीज उपकारक कोलेस्टेरॉल घटते, रक्त दाट होते. पोटात घ्यावयाच्या अनेक गोळ्या यकृताला विशेष जाचक असतात. मिशी फुटू लागलेल्या मुलाने हे औषध घेतले, तर हाडांची टोके वेळेआधी जुळतात आणि उंची तिथेच थांबते.

तथापि कुटुंबाला सर्वाधिक झळ लावणारा परिणाम बहुधा कोणी बोलून दाखवीत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी आपला हुकूम थांबवते. शरीराचा स्वतःचा कारखाना बंद पडतो, वृषण आक्रसतात, शुक्रजंतूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. पिळदार दंडांच्या या मुलाचे लग्न थाटात होते. पुढे मूल होत नाही, तेव्हा पहिल्या तपासण्या सुनेच्या होतात. नवस, उपचार, टोमणे सारे तिच्याच वाट्याला येते. मुलाने काय टोचून घेतले होते, हे कोणी विचारीत नाही आणि तो सांगत नाही. खरे तर औषध थांबविल्यावर बहुतेकांची निर्मिती पुन्हा सुरू होते, मात्र त्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. त्या मधल्या काळात मन खचते, निराशा गडद होते. म्हणूनच अनेक जण पुन्हा सुईकडे वळतात. अशा मुलाला रागावून एकटे सोडणे घातक ठरू शकते. संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांपुढे सर्व नावे व मात्रा न लपविता सांगणे, हृदयाची इको, यकृताची व रक्तातील चरबीची तपासणी, लग्न झालेले असल्यास वीर्यतपासणी, हा खरा मार्ग होय.

शाकाहारी घरातील मुलाला ‘डाळभातावर शरीर होत नाही’ असे ट्रेनरने सांगितले की पालक गोंधळतात आणि डब्यातील प्रत्येक भुकटीला स्टेरॉइड समजू लागतात. व्हे प्रोटीन हा दुधाच्या निवळीचा पदार्थ आहे; तो स्टेरॉइड नव्हे. डबा विश्वासू ठिकाणचा आणि सीलबंद असावा, इतकेच. चिंता सुईची करावी, आणि नाव नसलेल्या गोळ्यांची.

औषधविक्री करणाऱ्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको की टेस्टोस्टेरॉन व नँड्रोलोन ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देता येतात. व्यायामशाळेतून आलेला ओळखीचा तरुण चिठ्ठीवाचून दोन इंजेक्शने मागतो आणि गल्ल्यावर बसलेला माणूस क्षणभर त्याच्या दंडाकडे पाहतो. नफा फारसा नसतो. ‘चिठ्ठी आणा’ एवढे दोन शब्द त्याच वेळी उच्चारावे लागतात.