पट्टा वेळेवर बदला

मारुती ८०० सारख्या पुष्कळ मोटारींच्या इंजिनात रबराचा दातेरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. इंजिनात पिस्टन वरखाली होतात. झडपा उघडतात नि मिटतात. हा पट्टा दोघांचा मेळ राखतो.

पट्टा तुटला की गाडी बंद! कित्येक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळतात. झडपा वाकतात. मग पट्ट्याच्या कितीतरी पट खर्च बसतो.

मग पट्टा बदलावा केव्हा? गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षे छापलेली असतात. जे आधी भरेल, तेव्हा बदलावा. उभ्या गाडीतलेही रबर जुने होतेच.

जुनी गाडी घेणाऱ्यांना आम्ही सांगतो : नुसत्या शब्दावर जाऊ नका. पट्टा बदलल्याची पावती मागा. आता तुम्हाला वाचता येते. तारीख स्वतः वाचा. पावती नसेल, तर आधी पट्टा बदलून घ्या.