‘अनलेबल्ड बटन’ : टॉकबॅक वापरणाऱ्याला तुमचं ॲप कसं ऐकू येतं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमला एका युजरचा दोन ओळींचा ईमेल आला. पैसे भरायच्या पानावर चार बटणं आहेत, फोन चारही वेळा ‘अनलेबल्ड बटन’ एवढंच बोलतो, तर यातलं नेमकं कुठलं दाबू, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांना दिसत नव्हतं. आणि ते पान मीच लिहिलेलं होतं.

तोपर्यंत मला वाटायचं, अंध माणसांसाठी काहीतरी वेगळं ॲप असत असेल. तसं नाहीये. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावाचा स्क्रीन रीडर असतो. आयफोनवर तो 2009 मध्येच आला. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, तोही फुकट. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी तो घडवला.

स्क्रीन रीडर आपल्यासारखा स्क्रीनकडे ‘बघत’ नाही. ॲप त्याला आतून एक यादी देतं: इथे बटण आहे, त्याचं नाव अमुक, ते चालू आहे की बंद. बोट फिरवलं की तो ते नाव बोलतो, उजवीकडे स्वाइप केलं की पुढचं, आणि दोनदा टॅप केलं की बटण दाबलं जातं. बटणावर शब्द असेल तर तो आपोआप वाचला जातो. पण नुसतं चित्र असेल, म्हणजे बाण, तीन ठिपके किंवा कचऱ्याचा डबा, तर नाव डेव्हलपरने द्यावं लागतं. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी ‘कंटेंट डिस्क्रिप्शन’ नावाची एक ओळ लिहायची असते. मी ती लिहिली नव्हती. चार बटणं, चार ओळी. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. तोवर किती जणांनी वैतागून ॲप काढून टाकलं असेल, देव जाणे.

हे एकदा स्वतः करून बघा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. चालू करण्याआधी त्याचा व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट सुरू करून ठेवा. मग दोन्ही व्हॉल्यूम बटणं काही सेकंद दाबून धरली की टॉकबॅक बंद होतो. (मी हे केलं नव्हतं. एका टॅपने काहीच उघडेना तेव्हा घाम फुटला.) आता डोळे मिटा आणि तुमच्या रोजच्या ॲपमधून कुणाला तरी एक मेसेज पाठवा.

दुसरी गडबड आपण सगळेच करतो. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सोसायटीची नोटीस ग्रुपवर फोटो म्हणून येते. टॉकबॅकला तिथे बहुतेक वेळा फक्त ‘फोटो’ कळतो. खाली एक ओळ टाइप केली तर शेजारचे काका बादल्या भरून ठेवतील. मराठी पीडीएफची आणखी वेगळी गंमत: शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये दिसायला मराठी असलं तरी आत इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि कानावर नुसता गोंधळ येतो. म्हणून कॉलेजची नोटीस असो की मंडळाचं पत्रक, युनिकोडमध्येच टाइप करा.

बँकेच्या व्हिडिओ केवायसीत तर ‘डोळ्यांची उघडझाप करा’ असं सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या माणसाने काय करायचं? हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. 30 एप्रिल 2025 च्या निकालात कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 20 निर्देश दिले. उघडझापेशिवाय दुसरा पर्याय ठेवा, हा त्यातलाच एक. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, पण ॲप बनवणाऱ्या आमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो उघडूनही पाहिलेला नाही.

टॉकबॅकवर तुमचं आवडतं ॲप अडलं, तर प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूमध्ये ‘ॲप बेकार’ लिहू नका. कुठलं पान, कितवं बटण, फोन काय बोलला, एवढं लिहा. आमच्या त्या ईमेलमध्ये हे सगळं होतं, म्हणूनच चूक लगेच सापडली.