जुन्या जीपगाडीचें गिअर-तेल कसें बदलावें

बैलगाडी हांकणाऱ्या शेतकऱ्यास वंगणाची महती सांगावयास नको. आस कुरकुरूं लागला कीं तो गाडी थांबवितो, चाक काढतो व वंगण घालतो. कारण घांसणारा भाग त्याच्या कानास ऐकूं येतो व डोळ्यांस दिसतो. मोटारगाडीची गोष्ट निराळी. तिचीं दांतेरी चाकें लोखंडी पेट्यांत बंद असतात. तेथील तेल कमी झालें किंवा त्यांत पाणी शिरलें तरी पुष्कळ दिवस कांहींच कळत नाहीं. आणि जेव्हां कळतें तेव्हां बहुधा मोठा खर्च दाराशीं येऊन उभा राहिलेला असतो.

जुन्या जीपगाड्या अद्याप कित्येक शेतकऱ्यांच्या अंगणांत आहेत. ही गाडी दुसऱ्या महायुद्धांत लष्करासाठीं निघाली. परंतु १९४५ सालीं अमेरिकेच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीनें सीजे-२ए हा मुलकी नमुना काढला, तो शेतकऱ्यास डोळ्यांपुढें ठेवूनच. पुढें १९५३ सालीं उंच बॉनेटचा सीजे-३बी निघाला, व त्याच धर्तीची गाडी महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत अनेक वर्षें बनविली. आमच्याकडील गाडी वडिलांच्या हातची, याच नमुन्याची आहे. तिच्या इंजिनाचें तेल आम्ही नेमानें बदलीत असूं; पण गिअर-तेलाकडे पाहण्याची बुद्धि आम्हांस एका प्रसंगानें झाली.

तीन वर्षांपूर्वीं सुगीच्या तोंडावर आम्हीं घरींच मागील डिफरन्शियलचें तेल बदललें. हात नीट पोंचावा म्हणून गाडीची मागील बाजू जॅकवर उचलली होती. थोडें अधिक गेलें तर बरेंच, या समजुतीनें भोंकांतून ओसंडेपर्यंत तेल भरलें. चार दिवसांनीं कांद्याच्या गोण्या भरून, वर दोन गडी बसवून, घाटाच्या उतारास लागलों. तों ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास ओढूं लागली आणि थांबेना. खालचा गिअर टाकून, कडेच्या मातीच्या ढिगांत घालून ती कशीबशी आवरली. चाक काढून पाहतों तों ब्रेकचा ड्रम व शू तेलानें माखलेले! मागील बाजू उचललेली असल्यामुळें तेल पुढील अंगास गेलें होतें आणि भोंकापर्यंतचें माप खोटें ठरलें होतें. जास्तीचें तेल तापून फुगलें व सील ओलांडून चाकांत उतरलें. गड्यांस इजा झाली नाहीं हें दैव. चूक मात्र सर्वस्वीं आमची.

जीपगाडींत गिअर-तेल चार ठिकाणीं असतें: गिअरपेटी, तिच्या पाठीशीं जोडलेली ट्रान्स्फर केस, पुढील डिफरन्शियल व मागील डिफरन्शियल. पैकीं पहिल्या दोन पेट्या एकमेकींस लागूनच असल्यामुळें एकींतील तेल दांड्याच्या वाटेनें दुसरींत झिरपतें. एक पेटी रिकामी व दुसरी तुडुंब, असा प्रकार जुन्या गाड्यांत वारंवार आढळतो. म्हणून या दोहोंचें तेल नेहमीं एकाच वेळीं व एकाच जातीचें घालावें, आणि प्रत्येक पेटी तिच्या स्वतःच्या भोंकांतून भरावी.

तेलाची निवड हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. डब्यावर ९० किंवा ८०डब्ल्यू-९० हा आंकडा पाहून कित्येकजण हें तेल इंजिनाच्या तेलाहून फारच दाट असेल असें समजतात. वास्तविक दोन्ही तेलांचीं मापें निरनिराळीं आहेत. ९० आंकड्याचें गिअर-तेल इंजिनाच्या ४० ते ५० आंकड्याच्या तेलाइतकेंच दाट असतें. खरा भेद आंत मिसळलेल्या द्रव्यांचा आहे. डिफरन्शियलमध्यें लहान चक्राचा आस मोठ्या चक्राच्या मध्याच्या खालीं बसविलेला असतो. यास हायपॉइड रचना म्हणतात. तींत दांते एकमेकांवर नुसते फिरत नाहींत, तर जोरानें घसरतात. या दाबाखालीं साधें तेल तुटतें. म्हणून गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्यें घालून तें दाबास टिकेल असें करतात. डब्यावर जीएल-५ अशी खूण असलेलें तेल या कामाचें. परंतु गिअरपेटींत गिअर जुळविणारीं कडीं पितळेचीं असतात, व तेल तापलें म्हणजे तींच गंधकाचीं द्रव्यें पितळ खाऊं लागतात. तेथें हीं द्रव्यें कमी असलेलें जीएल-४ तेलच घालावें. ‘भारी तें सर्वत्र चांगलें’ हा न्याय येथें लागूं पडत नाहीं.

आतां कृति सांगतों. प्रथम गाडी आठ-दहा मैल फिरवून आणावी. म्हणजे तेल पातळ होऊन तळचा गाळ त्याबरोबर बाहेर येतो. गाडी सपाट जागीं उभी करावी व चाकांस पुढेंमागें दगड लावावे. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीही शिरूं नये. बुचांभोंवतालची माती घासून काढावी. यानंतरचा नियम कधींही मोडूं नये: आधीं वरचें, भरण्याचें बूच सोडवावें, आणि तें सुटलें तरच खालचें काढावें. कित्येक वर्षें न उघडलेलें वरचें बूच गंजून बसलेलें असतें. खालचें तेल सोडून दिल्यावर वरचें निघेना, तर गाडी जागच्या जागीं अडकून पडते. कांहीं डिफरन्शियलांस खालचें बूच नसतें; तेथें मागील झांकणाचे बोल्ट काढावे व बसवितांना नवें गॅस्केट घालावें.

निघालेलें तेल फेकून देण्यापूर्वीं उजेडांत नीट पहावें. करडी, मऊ लोण्यासारखी पूड थोडीबहुत असणारच. ती झिजेची खूण आहे, रोगाची नव्हे. बोटांस टोंचणारे कण किंवा दांत्याचा तुकडा मिळाला तर मात्र पेटी उघडून पाहिल्याशिवाय तेल भरूं नये. सोनेरी चमक दिसली तर पितळेचीं कडीं झिजत आहेत असें समजावें. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचें असेल तर पाणी शिरलें आहे. ओढ्यांतून गाडी नेणाऱ्यांस हा अनुभव हटकून येतो. तापलेली पेटी गार पाण्यांत बुडाली कीं आंतील हवा आकसते, आणि वरची श्वासनळी मातीनें बुजलेली असल्यास सीलच्या फटींतून पाणी ओढलें जातें. यासाठीं ती नळी दर पावसाळ्यानंतर साफ करावी. ती बुजली असतां आंतील दाब वाढून तेल बाहेरही ढकललें जातें, म्हणजे आमच्यासारखाच प्रसंग ओढवतो.

तेल हातपंपानें सावकाश भरावें. भोंकाच्या खालच्या कडेशीं तेल येऊन ठेपलें व बाहेर डोकावूं लागलें कीं थांबावें. दोन-चार दिवस गाडी चालवून, ती थंड असतां सर्व बुचें पुन्हां उघडून पातळी तपासावी व गळती कोठें आहे तें पहावें. वर्षांतून एकदां, पावसाळा संपतांच हें काम केलें तर तें एका दुपारचें आहे.

जुनें तेल बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीच्या आसपास कदापि ओतूं नये. तें मातींत व पाण्यांत दीर्घकाळ राहतें. बंद डब्यांत सांठवून, वापरलेलें तेल रीतसर गोळा करणाऱ्याच्याच स्वाधीन करावें.

आमच्या गाडीचा मागील ब्रेक दुरुस्त झाला, नवीं सीलें बसलीं, आणि गेल्या तीन सुग्या तिनें माल बिनतक्रार वाहिला. ज्या बंधूंच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं येत्या सुगीपूर्वीं चारही पेट्यांचीं वरचीं बुचें एकदां उघडून बोट घालून पहावें. बोटास तेल लागलें नाहीं, तर त्याच दिवशीं कामास लागावें.